पहिल्या निकषावर निकाल

३ नोव्हेंबर, सोमवार

सेवानिवृत्तीला आज चौतीस दिवस झाले. दिल्लीतल्या आमच्या मंत्रालयातून दरवर्षी मिळणाऱ्या डायऱ्यांपैकी ही एक कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नये म्हणून लिहायला घेतली आहे. हेमलता म्हणते, "लिहा, लिहा. निदान तेवढा वेळ स्वयंपाकघरात येणार नाही." मी मनावर घेत नाही. तिच्या मसाल्यांच्या बाटल्यांवर मी खरेदीच्या तारखेनुसार क्रमांक घातले, त्यात तिचाच फायदा आहे. जुनी हळद आधी संपली पाहिजे. नव्या हळदीने मागून येऊन पुढे घुसायचं नाही. सदतीस वर्षं मी दुसरं केलं काय? कोण आधी आणि कोण नंतर, हेच. वरिष्ठता यादी! भाऊसाहेबांच्या, म्हणजे माझ्या, हातून गेलेली यादी कोर्टातही टिकते, असं आमच्याकडे म्हणायचे.

लेक देवयानी इथेच नोएडात, सेक्टर बासष्टमध्ये, कंपायलर बनवणाऱ्या कंपनीत आहे. कंपायलर म्हणजे काय हे तिने मला आजवर चार वेळा सांगितलंय. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जे लिहिलं ते नियमात बसतं का बघायचं, आणि बसत असेल तर मशीनच्या भाषेत करून पुढे पाठवायचं.

मी म्हटलं, "म्हणजे डीलिंग क्लार्क."

"बिल्कुल, बाबा. फक्त चहाला उठत नाही."

जानेवारीत तिला टीम लीड करणार, असं तिचा बॉस मानस म्हणालाय. म्हणजे आमच्याकडचा कक्ष अधिकारीच, तोही तिसाव्या वर्षी. मला एकेचाळिसावं लागलं होतं. हे मी शेजाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. फक्त लिफ्टमध्ये दोघांना सांगितलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हवा इतकी वाईट आहे की देवयानीच्या ऑफिसने घरून काम करायला सांगितलंय. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसते. सकाळी मी दाढी करत असताना हेमलता तिला हळूच सांगत होती, "त्यांना काहीतरी काम दे गं बाई, गुंतवून ठेव." बहुधा गॅलरीला जाळी बसवायला माणसं येणार आहेत. दिवसभर कोणी आलं नाही. दिल्लीच्या कारागिरांचं हे असंच.

दुपारी देवयानी आपणहून म्हणाली, "बाबा, एका केसमध्ये तुमचं मत हवंय."

मत! निवृत्तीनंतर माझं मत पहिल्यांदाच कोणी विचारलं. मी चष्मा पुसून बसलो.

प्रोग्रॅममध्ये एकाच नावाची दोन कामं असू शकतात म्हणे. त्यातलं कोणतं करायचं, हे कंपायलरने समोर दिलेल्या सामानावरून ओळखायचं. सामान म्हणून महिरपी कंसात नुसत्या आकड्यांच्या याद्या दिल्या की पंचाईत होते. मला काही कळेना, तेव्हा तिने आईच्या बारा वाट्या काढल्या आणि दोन ताटं मांडली. पहिल्या ताटात लाडवांसाठी दोन वाट्या, चकल्यांसाठी चार. दुसऱ्या ताटात लाडवांसाठी तीन, चकल्यांसाठी तीन. मग दिवाळीचे उरलेले दोन लाडू आणि तीन चकल्या माझ्यापुढे ठेवल्या.

"एका वाटीत एक. वाटी उरली तर रिकामी राहील, ते चालतं. पण जितकं नेमकं बसेल तितकं चांगलं. आता सांगा, कोणतं ताट?"

मी क्षणात निकाल दिला. "पहिलं."

"का?"

"लाडू आधी लिहिलेत. म्हणजे पहिला निकष लाडू. पहिल्या ताटात लाडू नेमके बसतात, दुसऱ्यात एक वाटी रिकामी राहते. निकाल लागला."

"आणि चकल्या? त्या दुसऱ्या ताटात नेमक्या बसतात."

"पहिल्या निकषावर निकाल लागला की पुढचा निकष उघडायचाच नाही. वेळ कशाला घालवायचा?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग लॅपटॉपवर तुटून पडली. वीस मिनिटांनी ओरडली, "सापडलं! बाबा, कोणीतरी डिट्टो तुमच्यासारखंच लिहून ठेवलंय!"

आठवडाभर ती जे शोधत होती ते हेच. त्यांच्या कंपायलरमध्ये बारा वर्षांपूर्वी कोणीतरी हीच पद्धत बसवली होती. पहिल्या यादीवर निकाल लागला की पुढची यादी बघायचीच नाही. त्यांचं नियमांचं पुस्तक मात्र म्हणतं की लाडू आणि चकल्या दोघांचा मान सारखाच. एखादं ताट कशातच कमी नसेल आणि निदान एका बाबतीत सरस असेल, तरच ते जिंकलं. नाहीतर कंपायलरने थांबायचं आणि सांगायचं, संदिग्ध आहे, कोणतं हवं ते तुम्हीच लिहा.

म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीत माझी पद्धत बारा वर्षं सुखाने चालू होती. हे मी हेमलताला नम्रपणे सांगितलं. तिने एक लाडू उचलून खाल्ला आणि म्हणाली, "घ्या, आता तिसऱ्या पद्धतीने सोडवा."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

देवयानीने दुरुस्ती केली. आता असा पेच आला की कंपायलर थांबतो. मी विचारलं, माझं नाव कुठे घातलंस का? ती हसत सुटली. त्यात हसण्यासारखं काय होतं, विचारायचं राहिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पानिपतहून फोन आला. आम्हा मराठी माणसांना त्या गावाहून चांगली बातमी यायची नाहीच.

तिथली एक कंपनी चादरींच्या मागांचे कंट्रोलर बनवते, शेजारीच त्यांचा स्वतःचा कारखाना आहे. त्यांचा प्रोग्रॅम जुन्या कंपायलरमधून सुरळीत जात होता, देवयानीच्या नव्या कंपायलरने तो एक्केचाळीस ठिकाणी अडवला. मालक मानसवर भडकला. मानस देवयानीला म्हणाला, तुझी दुरुस्ती मागे घे, चालू गाडीला खीळ कशाला? वीस तारखेला मीटिंग आहे. अंशुमन नावाचा तिचा एक सहकारी जुनं तसंच ठेवायला तयार आहे. देवयानी अडून बसली तर लीडची जागा त्याला मिळणार, हे मानसने स्पष्ट म्हटलं नाही, पण न म्हणता पुरेसं म्हटलं.

मी तिला अनुभवाचं सांगितलं. "साहेब म्हणतात तसं कर. फाईलवर असहमतीची एक ओळ टाकून ठेव. आपण सुरक्षित, काम पुढे."

"पण बाबा, कंपायलर तिथे अंदाज करतोय आणि वर तोंड करून सांगतोय की नियमाप्रमाणे केलं. हे खोटं नाही का?"

"मशीन कसलं खोटं बोलणार!"

"मग तुमच्याकडे काय करायचे? एक नियम इकडे ओढतो, दुसरा तिकडे, असं कधी झालंच नाही?"

"नाही," मी म्हणालो.

असं उत्तर दिलं खरं. एक प्रकरण होतं, पण ते इथे लागू पडत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रकरण लागू पडत नाही, तरी नोंद असावी म्हणून लिहितो.

२०१२ साल. पदोन्नतीची जागा एक, माणसं दोन, ज्ञानोबा आणि ममताबाई. ज्ञानोबा आधी रुजू झाला होता. ममताबाई खात्याच्या परीक्षेत वर होत्या. एक परिपत्रक म्हणे रुजू झाल्याची तारीख बघा, दुसरं म्हणे परीक्षेतला क्रम बघा. दोन्हींतलं आधी कोणतं, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. खरं तर 'स्पष्टीकरण मागवावे' असं लिहून फाईल वर पाठवायला हवी होती. पण वरच्या साहेबांना संध्याकाळपर्यंत यादी हवी होती. जे परिपत्रक फाईलमध्ये वर लावलेलं होतं, ते मी पहिलं धरलं. यादीखाली लिहिलं, 'नियमानुसार.' ज्ञानोबा वर गेला. ममताबाई त्याच खुर्चीवरून निवृत्त झाल्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

तक्रार नव्हती, याचा अर्थ यादी बरोबर होती. कोणीही हाच अर्थ काढेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

देवयानीला प्रत्यक्ष कारखाना बघायचा होता. हेमलता म्हणाली, "यांना ने बरोबर. नाहीतर आज माझ्या पातेल्यांची ज्येष्ठता लागेल." म्हणून मीही पानिपतला गेलो. गाडी देवयानीने चालवली, ट्रकवाल्यांना त्यांच्या चुका मी खिडकीतून सांगत होतो.

मालक चांगला माणूस निघाला. लस्सी पाजली, मग भांडला. देवयानीने त्यांच्या प्रोग्रॅमर मुलीला बरोबर घेऊन एक्केचाळीस जागा उघडल्या. गोष्ट तीच, लाडू आणि चकल्यांची! एका यादीत किनारीचे धागे, दुसरीत मधल्या पट्ट्याचे. त्या मुलीला दुसरं ताट हवं होतं, कंपायलर तीन वर्षं पहिलं उचलत होता. रिकामी वाटी म्हणजे तिथे एक धागा सुटायचा. प्रत्येक चादरीच्या पट्ट्यात केसाएवढी एक फट.

देवयानीने ती मालकाला दाखवली. मालक अभिमानाने म्हणाला, "मॅडम, यही तो हमारा डिज़ाइन है! ग्राहक इसी से पहचानता है."

आम्ही सगळे हसलो. मागावरचे मास्टरजी तेवढे हसले नाहीत. साठीचा माणूस, हातात सुटलेल्या धाग्याची चादर. त्यांनी देवयानीला दोनदा विचारलं, "यानी गलती मशीन की थी?"

"मशीनला जे सांगितलं गेलं, त्याची," देवयानीने त्यांना हिंदीत समजावलं. "तुमची नाही."

"तीन साल से देख रहा हूँ, एक धागा कम है. मशीन कभी कुछ बोली नहीं. तो मैं समझा, मेरी ही गिनती बिगड़ गई है. दो बार चश्मा बदला, बेटी."

एवढं बोलून ते पुन्हा मागाकडे वळले.

परत येताना वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाल्ले. मी अर्धा टाकला. देवयानी म्हणाली, "बाबा, पोट बिघडलं का?" मी म्हटलं, लस्सी जड झाली. लस्सी चांगली होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ममताबाईंनी तक्रार केली नव्हती. हे मी परवा पाच-सहा वेळा स्वतःला सांगितलं, काल दहा वेळा. पूर्वी एकदा सांगून भागायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मीटिंग झाली. देवयानी बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "नियम निवडत नसेल तर कंपायलरनेही निवडू नये. थांबावं, दोन्ही पर्याय दाखवावेत. आपण गुपचूप निवडलं की चूक आपली असते आणि झोप दुसऱ्याची उडते." पानिपतच्या एक्केचाळीस जागा एका दुपारी दुरुस्त झाल्या हेही तिने दाखवलं. मालकाने उलट निरोप पाठवला, की फट आता आम्हाला हवी आहे, पण आम्ही ती स्वतः लिहून ठेवू.

दुरुस्ती राहिली. लीड अंशुमन होणार. मानस तिला म्हणाला, "तू बरोबर होतीस, पण यार, लीडला थोडं वाकता यायला हवं."

घरी आली, दोनदा वरणभात घेतला, मग बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "हवेनेच झालंय." हेमलताने तिचे केस विंचरायला घेतले. मला पोरीचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की गप्प बसवेना. म्हणून ज्ञानोबा-ममताबाईंचं सगळं प्रकरण दोघींना सांगून टाकलं. धीर द्यायच्या हेतूने. की बघ, नोकरीत असं सगळ्यांनाच करावं लागतं.

देवयानीने ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाबा, त्यांना कोणी सांगितलं का, की नियम स्पष्ट नव्हता म्हणून?"

"नाही. यादीवर 'नियमानुसार' लिहिलं होतं."

"अच्छा," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला परिपत्रकांचे क्रमांक अजून पाठ आहेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

विचार केला तो असा. आता सांगून उपयोग काय? ममताबाईंचं निवृत्तिवेतन बदलणार नाही. ज्ञानोबा वारला, त्याच्या नावाला उगीच धक्का नको. मुद्दा क्रमांक तीन, जुनी जखम उकरू नये. मुद्दा क्रमांक चार, मला भीती वाटते. चौथा मुद्दा लिहिल्यावर वरचे तिन्ही वाचवेनात.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कोट घातला. हेमलताने विचारलंही नाही कुठे ते. "आता तरी निघालात," म्हणाली आणि मफलर पुढे केला. हिला कसं कळलं, देव जाणे.

ममताबाई दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये मुलाकडे राहतात. विश्वजित सैन्यात आहे. क्वार्टरच्या अंगणात ऊन होतं, बाई मटार सोलत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी नको म्हणेपर्यंत उठल्याच.

"या साहेब. रिटायर झालात ना? कळलं मला. आता मटार सोलायला शिका."

मी सोलायला घेतले. सात-आठ शेंगा झाल्यावर म्हणालो, "ममताबाई, दोन हजार बाराची ती यादी. ती नियमानुसार नव्हती. नियम दोन होते, दोन बाजूंना ओढत होते. तुमचं काही कमी नव्हतं."

त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्याच कागदांत काहीतरी खोट असणार. सर्व्हिस बुकाची नक्कल काढून दोनदा बघितली, साहेब. काहीच सापडेना. मग म्हटलं, आपल्याला कळत नसेल. तुम्ही केलेली यादी होती ना. ती चुकायची नाही, असं सगळेच म्हणायचे."

मला मान वर करता येईना. कोर्टात टिकणारी यादी! मी माफी मागितली. सदतीस वर्षांत दिलगिरीचे मसुदे शेकड्याने लिहिले, स्वतःच्या तोंडाने पहिल्यांदा म्हणालो. नीट जमलंही नाही.

"तोंडी नको," त्या म्हणाल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात, ऑफिसात डाक मागायच्या तसंच मागितलं. "विश्वजितला मी सांगितलं होतं, तुझी आईच कमी पडली. अभ्यास कर म्हणताना दर वेळी तेच उदाहरण द्यायची. लिहून द्या."

नातीची वही आणली. मी लिहिलं, 'सदर प्रकरणी परिपत्रकांमध्ये सुसंगती नसल्याने पहिले परिपत्रक ग्राह्य धरण्याचे ठरविण्यात आले.' त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"कोणी ठरवलं, साहेब?"

मी पान फाडलं. नव्या पानावर लिहिलं, 'नियम स्पष्ट नव्हता. विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, मीच निवडलं. ममताबाईंचं काहीही कमी नव्हतं.' इतकं छोटं टिपण मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि वही परत माझ्याकडे सरकवली.

"सही राहिली."

मी सही केली, खाली पूर्ण नाव घातलं. त्यांनी आत हाक मारली. विश्वजित बाहेर आला, सहा फुटी माणूस, चेहऱ्याला अर्धा साबण लावलेला.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. शेवटपर्यंत, माझ्या नावासकट.